सोसायटीची खतावणी क्लाऊडवर जाते आहे : सभासदाने आणि उत्पादक कंपनीने आधी काय तपासावे?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ दर्यापूर-बनोसा भागातल्या कास्तकाराने हे वाक्य ऐकले नाही असे होत नाही. खत घ्यायला गेले की कृषी सेवा केंद्रातल्या पॉस मशीनवर, सातबारा काढायला गेले की सेतूत, शेतकरी ओळख क्रमांकातली दुरुस्ती करायला गेले की तिथेही. हा सर्व्हर कुठे असतो, कोणाचा असतो आणि तो बंद पडला तर आपल्या नोंदीचे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. आतापर्यंत ते चालून गेले, कारण तिथे असलेल्या नोंदी बहुतेक शासनाच्या होत्या. आता तुमच्या गावच्या सोसायटीची खतावणी आणि तुमच्या उत्पादक कंपनीची हिशोबवही त्याच वाटेने चालली आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि अंमलबजावणी नाबार्डकडे आली. प्रत्येक संस्थेत वेगळा संगणक आणि त्यात वेगळे सॉफ्टवेअर अशी ही योजना नाही. सगळ्या संस्थांसाठी एकच सामायिक प्रणाली आणि ती क्लाऊडवर, असे तिचे स्वरूप आहे. गटसचिव गावातल्या संगणकावर नोंद करतो, पण ती नोंद गावात साठत नाही. ती दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून जिल्हा बँकेपासून नाबार्डपर्यंत दिसू शकते.

खरेदीतही तेच घडले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. तो भारतीय कापूस महामंडळाकडून घ्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवून घेणे आवश्यक झाले. त्याआधी १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला होता. माल तुमचा, शेत तुमचे, पण ‘तुमच्याकडे कापूस आहे’ हे सिद्ध करणारी नोंद दुसरीकडे कुठे तरी आहे.

क्लाऊड म्हणजे भाड्याचा संगणक

नाव आभाळाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठ्या इमारतीत हजारो संगणक, त्यांना अखंड वीज, थंड ठेवणारी यंत्रणा, पहारा आणि जाड इंटरनेट तारा. तिथली जागा आणि ताकद भाड्याने घ्यायची आणि आपल्या गावातून वापरायची, हे झाले क्लाऊड. या इमारती परदेशातच असतात असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. केंद्र शासनाचा स्वतःचा ‘मेघराज’ नावाचा क्लाऊड २०१४ पासून आहे. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडचे धोरणही जाहीर केले. (खारपाणपट्ट्यात पावसाची वाट पाहणाऱ्यांना ‘मेघराज’ म्हटल्यावर संगणक आठवणे कठीणच!)

मळणीयंत्राचे उदाहरण घ्या. तुरीच्या मळणीचे काम वर्षातले मोजके दिवस असते. तेवढ्यासाठी प्रत्येकजण मळणीयंत्र विकत घेत नाही. भाड्याने बोलावतो, काम झाले की पैसे देऊन मोकळा होतो. उत्पादक कंपनीच्या हिशोबाचेही असेच असते. कापसाची आवक नोव्हेंबरपासून वाढते, पाठोपाठ तूर येते, मग हरभरा. त्या चार-पाच महिन्यांत काटा पावत्या, हिशोबपट्ट्या आणि सभासदांची देणी यांचा ढीग लागतो. जून-जुलैत बियाणे-खताचे काम सोडले तर संगणक बराच मोकळा असतो. क्लाऊडमध्ये गर्दीच्या महिन्यांत जास्त जणांना वापर देता येतो आणि नंतर तो कमी करता येतो. खरेदी केंद्र एका गावात, गोदाम दुसऱ्या गावात, सनदी लेखापाल अमरावतीत, तरी सगळ्यांना साठ्याचा एकच आकडा दिसतो. विजेच्या चढउताराने संगणक जळाला तरी हिशोब जळत नाही. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण मळणीयंत्र परत जाते तेव्हा तूर तुमच्याच खळ्यावर राहते. क्लाऊडचा माणूस निघून जातो तेव्हा तुमची तूर त्याच्या गाडीत असते. करार करताना विचार करायचा तो याच फरकाचा.

चूक सर्व्हरमध्ये नसते, ती आधीच्या वहीत असते

महाराष्ट्राने याचा धडा २०१७ मध्ये घेतला आहे. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची कर्जमाफी त्या वर्षी जूनमध्ये जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन भरून घेतले गेले आणि १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले. त्यानंतर गोंधळ समोर आला. एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती, जुळत नसलेले खाते क्रमांक अशा नोंदी निघाल्या आणि याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. पात्र असलेला शेतकरी महिनोन् महिने बँकेच्या पायऱ्या चढत राहिला. यंत्राने आपले काम केले होते. बँका आणि संस्थांकडून त्याला मिळालेली माहितीच सदोष होती.

सोसायटीचे जुने खाते नव्या प्रणालीत चढते तो दिवस म्हणूनच सर्वांत नाजूक असतो. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन खातेदार असणे आपल्याकडे सामान्य आहे. वडिलांचे नाव वेगळे, पण आडनाव तेच. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. त्यात वारस फेरफार झालेला नसतो आणि कर्ज मयत व्यक्तीच्या नावावर चालू असते. ही सारी माहिती कोणी तरी हाताने भरतो आणि सुरुवातीची बाकी एकदा चुकीची बसली की पुढचे प्रत्येक व्याज तिच्यावरच निघते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलतीचा लाभ मिळतो. त्यामुळे रक्कम किती भरली याइतकेच ती कोणत्या तारखेला जमा दिसते हेही महत्त्वाचे आहे. तारीख महिनाभर पुढे सरकली तर मुदतीत फेड करणारा सभासद थकबाकीदार ठरू शकतो.

तुमची सोसायटी नव्या प्रणालीवर गेली असेल तर गटसचिवांकडे खाते उताऱ्याची छापील प्रत मागा. तो सभासदाचा हक्काचा हिशोब आहे, मागायला संकोच नको. उताऱ्यावरची सुरुवातीची बाकी जुन्या पासबुकाच्या शेवटच्या बाकीशी ताडून पहा. नाव, गट क्रमांक, बचत खाते क्रमांक आणि शेवटच्या भरण्याची तारीख डोळ्याखालून घाला. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुन्या पावत्या किमान दोन हंगाम तरी टाकू नका.

गटसचिवांसाठी एक वेगळी सूचना. एकाच सचिवाकडे तीन-चार संस्था असतात, म्हणून पासवर्ड एखाद्या ऑपरेटर मुलाला देऊन काम उरकले जाते. हाताच्या वहीत अक्षर कोणाचे हे ओळखता येत होते. प्रणालीत प्रत्येक नोंदीखाली ज्याचा पासवर्ड त्याचेच नाव येते. उद्या लेखापरीक्षणात प्रश्न आला तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

उत्पादक कंपनीची जबाबदारी जास्त आहे

सोसायटीला आपला क्लाऊड निवडता येत नाही, तो वरून आलेला आहे. शेतकरी उत्पादक कंपनी मात्र स्वतः निवड करते, त्यामुळे जबाबदारीही तिचीच. आणि इथे कायदा बऱ्याच संचालकांच्या समजुतीपेक्षा कडक आहे. उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरायच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आवश्यक आहे आणि ती सोय बंद करता येऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून संगणकावरच्या हिशोबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी लागते. शिवाय हिशोबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपून ठेवायची आहेत.

शेवटची अट भाड्याच्या व्यवस्थेशी जोडून पहा. सॉफ्टवेअरचे भाडे वर्षाचे असते, पुस्तके आठ वर्षांची. तिसऱ्या वर्षी व्यवसाय मंदावला, भाडे भरले गेले नाही आणि पुरवठादाराने खाते बंद केले, तर आधीच्या दोन वर्षांचा हिशोब कुठे आहे? उत्तर ‘त्यांच्याकडे’ असेल तर तुम्ही नियम मोडण्याच्या वाटेवर आहात आणि बँकेला कर्जासाठी दाखवायला ताळेबंदाचा आधारही उरलेला नाही. करारावर सही करण्याआधी हे लेखी घ्या : करार संपल्यावर सगळी माहिती आम्हाला साध्या तक्त्यांच्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का. विक्रेता हसून ‘त्याची काळजी करू नका’ म्हणाला तर दुसरा विक्रेता पहा. दर विचारताना वापरकर्त्यांची संख्या, बारा महिने आणि वर १८ टक्के जीएसटी असा पूर्ण हिशोब मांडा. जाहिरातीतला दर बहुधा एका माणसाचा, एका महिन्याचा आणि करापूर्वीचा असतो.

‘मोठ्या कंपनीचा क्लाऊड आहे, काही होणार नाही’ हा भरवसाही पुरेसा नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्यांनी मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही तिथेच ठेवली होती, त्यांची माहिती कायमची गेली. दक्षिण कोरियासारख्या तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथल्या शासकीय केंद्रात आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ज्या क्लाऊडवर होत्या, त्याची बाहेर कुठेच प्रत नव्हती. सगळे बियाणे एकाच कोठीत ठेवू नये हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हिशोबाची एक प्रत क्लाऊडवर, एक कार्यालयाबाहेर ठेवलेल्या हार्ड डिस्कवर आणि महिन्याअखेरच्या मुख्य खात्यांची छापील प्रत फायलीत, एवढे कोणत्याही कंपनीला जमते.

खाते कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भांडणे त्यावरूनच होतात. पुष्कळ कंपन्यांचा कारभार एखाद्या संचालकाच्या किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर चालतो. तो माणूस नोकरी सोडून गेला किंवा संचालक मंडळात फूट पडली की सभासद यादीही त्याच्यासोबत जाते. मोफत खात्यात जागाही १५ जीबीच असते आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करू शकते. खाते कंपनीच्या नावाने उघडा, त्याला कंपनीचा मोबाइल क्रमांक जोडा आणि पासवर्डचे बंद पाकीट ठरावासह तिजोरीत ठेवा.

सभासदांच्या आधार आणि पासबुकाच्या प्रती हा आणखी एक नाजूक विषय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे आणि लोकांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर ती जपण्याची जबाबदारी त्याने टाकली आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर शंभर जणांसमोर आधारचे फोटो मागवणे आता तरी थांबवा.

रेंज नसेल तेव्हा

पूर्णेच्या खोऱ्यातल्या अनेक गावांत रेंज येते-जाते आणि खरेदीच्या दिवशी गाड्यांची रांग थांबत नाही. म्हणून सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्याला पहिली गोष्ट सांगा : ‘इंटरनेट बंद करून काटा पावती काढून दाखवा.’ ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात रेंज नसताना नोंद करून नंतर ती पाठवता येते. तीच सोय इथे हवी. ती नसेल तर खरेदी केंद्रावर कार्बन प्रतीचे पावती पुस्तक कायम ठेवा आणि त्याचे क्रमांक संध्याकाळी प्रणालीत चढवा.

सहायक कृषी अधिकारी आणि प्रकल्पाचे कार्यकर्ते यांनाही हे लागू आहे. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या क्षारतेचे आकडे, माती तपासणीचे अहवाल, प्रात्यक्षिकांचे फोटो हे सगळे मोबाइलमध्ये पडून असते आणि फोन बदलला की जाते. गावनिहाय, वर्षनिहाय एक साधा तक्ता क्लाऊडवर ठेवला तर पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पंधरा-वीस जणींच्या बचत गटाने मात्र यात पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. नीट लिहिलेले रजिस्टर आणि दर महिन्याला त्याच्या पानांचा काढलेला फोटो त्यांना पुरतो.

बदल करायचाच असेल तर तो १ एप्रिलला, नव्या आर्थिक वर्षासोबत करा. कापसाच्या ऐन खरेदीत, डिसेंबरमध्ये नको. पहिले तीन महिने जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवा आणि दर शनिवारी रोकड शिल्लक, गोदामातला साठा आणि सभासदांची देणी हे तीन आकडे दोन्हीकडे जुळतात का ते पहा. मेमध्ये, बियाण्याची गर्दी सुरू होण्याआधी, साठवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडली नाही तर पुरवठादाराला तेव्हाच बोलवा, कारण जूनमध्ये त्याला आणि तुम्हाला दोघांनाही वेळ नसेल.