झाकणाला रंग

माझा मोटारगाड्यांना विरोध नाही. रंगाला तर मुळीच नाही. दर चार वर्षांनी घराला डिस्टेंपर मारतो तो मीच. माझा विरोध आहे तो इंजिनावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला, आणि त्याहून जास्त त्या झाकणाला रंग फासणाऱ्या मंडळींना. ही मंडळी हल्ली घरोघरी आढळतात. आमच्याकडे दोन आहेत: एक मेव्हणे, दुसरे चिरंजीव.

ज्यांनी वर्षातून एकदा, म्हणजे दसऱ्याला, बॉनेट उघडलं असेल त्यांना हे झाकण ठाऊक असेल. काळं, रुंद, मधोमध कंपनीची मुद्रा. आपल्याला वाटतं, हेच इंजिन. मी पहिली दोन वर्षं त्यालाच हळदकुंकू वाहत होतो. मग एकदा मेकॅनिकनं ते दोन्ही हातांनी धरून टपटप वर उचललं, आणि देवीचा मुखवटा काढल्यावर आत तांदळा दिसावा तसं खरं इंजिन दिसलं. इतकी वर्षं माझी पूजा मुखवट्यालाच पोचत होती!

वडिलांच्या पद्मिनीला असलं सोवळं नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची ती गाडी. बॉनेट उघडलं की चार प्लग, त्यांच्या जाड वायरी, डिस्ट्रिब्यूटर, कार्ब्युरेटर, सगळं कसं वाड्याच्या चौकासारखं उघड्यावर. धूर कुठून येतोय ते चौथीतला पोरगासुद्धा बोट दाखवून सांगे. तो पोरगा मीच. वडिलांनी पॉलिश पेपर हातात देऊन मला प्लग घासायला शिकवलं. बँकेत त्याचा उपयोग कधी झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता, झाकण अगदीच निरुपयोगी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. आतून फोम असला तर इंजिनाचा आवाज जरा दबतो. कॉइलवर धूळ-पाणी कमी पडतं. पण मुख्य काम दिसण्याचं. आजच्या इंजिनावर नळ्या आणि वायरींचा असा गुंता असतो की गिऱ्हाइकाला शोरूममध्येच घाम फुटावा. म्हणून वर झाकण. बी. कॉम.ला आम्हाला याचं नाव ‘विंडो ड्रेसिंग’ असं शिकवलं होतं. 31 मार्चला ताळेबंद देखणा दिसावा म्हणून जे करतात, ते इथे बाराही महिने चालतं. आणि रंगवणारी मंडळी म्हणजे त्या ताळेबंदाला सोनेरी बॉर्डर काढणारी!

मेव्हण्यांनी नाना पेठेतून लाल स्प्रेचा डबा आणला. ‘रेसिंगच्या गाड्यांना असंच असतं, दाजी.’ आता रंगच मारायचा तर त्याचंही शास्त्र आहे. झाकण नायलॉनचं तरी असतं, नाहीतर पॉलिप्रॉपिलिनचं. या दुसऱ्यावर तर रंग धरतच नाही. आधी तेलकटपणा धुवायचा, मग 400-600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, प्लास्टिकचा खास प्रायमर मारायचा, मग उष्णता सोसणारा रंग, पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. मेव्हण्यांनी झाकण फडक्यानं पुसलं आणि डबा रिकामा केला. मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पुढे केलं. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही! चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, त्यात गाडीचा रंग लिहितात, झाकणाचा नाही.’ कायद्याच्या बाबतीत पोरगं आईवर गेलंय.

पुढे तीन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून झाकण दाखवणं चालू होतं. महिन्याभरात रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, त्यावर दुसरा हात बसला. झाकण वर उचलून मात्र एकानंही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

जुलैत एका रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मागच्या सीटवर घेऊन निघालो. नळ स्टॉपच्या अलीकडे गाडीनं आचके दिले आणि भर पावसात बंद पडली. बॉनेट उघडलं, मोबाइलचा प्रकाश टाकला. समोर लालभडक, चकचकीत झाकण. मी त्याच्याकडे पाहतोय, ते माझ्याकडे. मागून, छातीला हात धरलेले वडील म्हणाले, ‘आधी ते टोपडं काढ रे.’

काढलं. खाली उंदरांचा संसार. फोमचा कापूस पिंजून गादी केलेली, कॉइलची वायर कुरतडून तांबं उघडं पडलेलं. पावसाळ्यात उंदराला इंजिनाची ऊब लागते आणि वर छप्पर आम्हीच रंगवून दिलेलं. पंधरवड्यातून एकदा जरी झाकण उचललं असतं, तरी लेंड्या दिसल्या असत्या, वायरीला टेप लागली असती. शेवटी वडिलांना रिक्षानं नेलं. रिक्षावाल्यानं मीटरवर एक रुपया जास्त घेतला नाही, हेही पुण्यात नमूद करायला हवं.

वडील बरे आहेत. वायरिंगचं बिल झालं. आकडा सांगत नाही, तो आठवला की माझ्याच छातीत दुखतं. झाकण आता माळ्यावर आहे आणि इंजिनापाशी तंबाखूची पानं टांगली आहेत.

यंदाच्या दसऱ्याला सौभाग्यवती ताट घेऊन बॉनेटपुढे बराच वेळ उभी होती. ‘अहो, आता कुंकू लावू कुठे? सगळंच इंजिन दिसतंय!’ वडिलांनी खुर्चीतूनच ऑइलच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मेव्हणे आले. नमस्कार झाला, सोनं दिलं-घेतलं, आणि मग हळूच म्हणाले,

‘दाजी, ते माळ्यावरचं तुम्हाला नको असेल तर मी नेतो. निळा मारून बघतो.’