हॉर्सपॉवर विकू नका, फिल्टरची देखभाल विका



गेल्या महिन्यात काशीमिरा इथल्या बॅचमध्ये एक मुलगा भेटला. गाड्यांचा प्रचंड नाद, तीन वर्षं गॅरेजमध्ये काम केलेलं, हात चांगला. त्याचा प्लॅन ठरलेला होता. मुद्रा योजनेच्या किशोर गटातून तीन लाखांचं कर्ज काढायचं आणि त्यातले दोन लाख परफॉर्मन्स एअर फिल्टरच्या मालात टाकायचे. म्हणाला, "सर, पोलो जीटी, ऑक्टाव्हियावाली पोरं येतात. दहा हॉर्सपॉवर वाढेल म्हटलं की लगेच पैसे काढतात."

मी एवढंच विचारलं, "आणि नाही वाढली तर?"

तो गप्प बसला. आज त्याच प्रश्नावर बोलूया, कारण हा प्रश्न फक्त फिल्टरचा नाही.

आधी खरं काय ते समजून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीत कागदी फिल्टर आणि त्याचा डबा त्या इंजिनाला पुरेल एवढी हवा देतोच. नुसता फिल्टर बदलला तर फरक इतका थोडा पडतो की रस्त्यावर तो जाणवणं कठीण. जाणवतो तो आवाज! इंजिन हवा ओढताना घुमतं आणि ग्राहकाला वाटतं गाडी पळायला लागली. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला तर तो इंजिनाची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणजे ऑक्सिजन कमी. मग पैसे देऊन ताकद घटवली असंही होऊ शकतं. रीमॅप, एक्झॉस्ट अशी बाकीची कामं केलेल्या गाडीला जास्त हवा लागते. तिथे चांगल्या फिल्टरला अर्थ आहे.

"मायलेज वाढेल" हेही सांगू नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचणी केली होती. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तरी मायलेजवर खास परिणाम दिसला नाही, पिकअप मात्र कमी झाला.

मग या धंद्यात काहीच नाही का? आहे ना! पण तो विक्रीत कमी आणि देखभालीत जास्त आहे, असं माझं मत आहे.

के अँड एन हे नाव तुम्हाला माहीत असेल. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला सुरू झालेली कंपनी. तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर त्यांनी जगभर नेला. पण त्यांनी नुसता फिल्टर नाही विकला, तो धुण्याचं क्लीनर आणि वरून लावायचं तेलही विकलं. एकदाच्या विक्रीतून वर्षानुवर्षांचं काम उभं राहिलं. आपण नेमकं हेच शिकायचं.

धुऊन वापरायचा फिल्टर म्हणजे ग्राहक समजतो, आयुष्यभराची सुट्टी. पाकिटावर हजारो किलोमीटरचा आकडा असतो, तो डांबरी, स्वच्छ रस्त्यासाठी. आपल्याकडे घोडबंदर रोडची धूळ, हायवेवरचे डंपर. इथे माझा सल्ला असा: दर पाच हजार किलोमीटरला तपासा, पण मळला असेल तरच धुवा. उगाच धुण्यानेही फिल्टर खराब होतो.

धुण्याची पद्धत पाठ करा. क्लीनर मारा, दहा मिनिटं थांबा. हलक्या धारेने आतल्या बाजूने बाहेर पाणी सोडा. कंप्रेसरची हवा नाही, हेअर ड्रायर नाही, सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात वेळ लागतो, तो ग्राहकाला आधीच सांगा. मग तेल बेताने लावा. जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढतं, आयडलिंग बिघडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ज्याला ही कटकट नको त्याला तेलाशिवायचा सिंथेटिक फिल्टर सुचवा. शेवटी फिल्टरपुढच्या पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही, आणि ती धूळ थेट इंजिनात जातेय.

निवडतानाही दोन प्रश्न विचारायची सवय लावा. एक, आयएसओ ५०११ चाचणीत हा फिल्टर किती टक्के धूळ अडवतो? दोन, तोंड किती खाली येतं? जुलैमध्ये मीरा रोडला पाणी तुंबलं की बंपरजवळ खाली बसवलेला कोन पाणी ओढतो आणि इंजिन जागेवर बसतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारून यायला सांगा.

आता हिशेब. समजा शंभर ग्राहक आहेत. वर्षाला दोन तपासण्या दीडशे रुपयांनी, म्हणजे तीस हजार. एक धुलाई सातशेची, म्हणजे सत्तर हजार. एकूण एक लाख. सामानाचे वीस हजार वजा करा, ऐंशी हजार उरले. यावर दुकानाचं भाडं निघणार नाही, हे मान्य. पण चालू गॅरेजला किंवा वॉशिंग सेंटरला ही जोड दिली तर पुढच्या वर्षी तेच ग्राहक परत येतात. माल विकून एका फिल्टरमागे हजार सुटले तरी ते एकदाच सुटतात, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा फिल्टर भरून ठेवताना कर्जाचे पैसे रॅकवर पडून राहतात.

तुम्ही म्हणाल, "सर, मी खरं बोललो तर ग्राहक बाजूच्या दुकानात जाईल." जाईल. काहीजण जातीलच. पण भाईंदर ते मीरा रोड आपलं गाव केवढं? गाडीवाल्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेच, पोरंही तीच. एकाचा सेन्सर गेला की सगळ्यांना कळतं. आणि "त्याने मला फिल्टर विकला नाही, गरज नाही म्हणाला" हेसुद्धा तितकंच पसरतं.

त्या मुलाने तीन लाखांचा अर्ज थांबवलाय. सध्या क्लीनर-तेलाचे काही किट घेऊन, गॅरेजमालकाला विचारून, त्याच जागेत रविवारी काम करतोय. फिल्टर फक्त ऑर्डर आली की मागवतो. चालेल की नाही, सहा महिन्यांत कळेल. चुकलं तरी डोक्यावर हप्ता नसेल.

तुमचा या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली अशी एक गोष्ट लिहून काढा, जी तुम्ही ग्राहकाला सांगता पण सिद्ध करू शकत नाही. ती उद्यापासून सांगायची बंद करा. मग बघूया विकायला काय उरतं. जे उरेल, तोच तुमचा धंदा.