साखळी, टोपी आणि स्टर्नसाहेबांचं श्रेय

एनबीएच्या खेळाडूंच्या फॅशनचा विषय निघाला की हल्ली एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. म्हणे, कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी २००५ साली ड्रेस कोड लावला म्हणून हे बास्केटबॉलवाले नीट कपडे घालायला शिकले, आणि आज मॅचआधी बोगद्यातून आत येताना त्यांचा जो फॅशन शो चालतो तो त्याचंच फळ! मला हे अजिबात पटत नाही. पोराला छडी मारायची आणि तो मोठा झाला की श्रेय छडीला द्यायचं, त्यातला हा प्रकार.

मुळात नियम काय होता ते बघा. संघाच्या कामावर असताना 'बिझनेस कॅज्युअल' कपडे. टी-शर्ट नको, शॉर्ट्स नकोत, डोक्यावर टोपी किंवा फडकं नको, छताखाली गॉगल नको. आणि शर्टावरून रुळणारी साखळी तर नकोच नको. ही यादी कुणाच्या कपाटात बघून केली हे सांगायला हवं का? आमच्या हिपहॉप पिढीला लक्ष्य केलंय, असं ॲलन आयव्हरसन तेव्हाच उघड बोलला होता.

तुम्ही म्हणाल, कुठल्या ऑफिसात ड्रेस कोड नसतो? असतो की. चार्ल्स बार्कलीसारख्या कृष्णवर्णीय माजी खेळाडूनंही नियमाची बाजू घेतली होती. पण वेळ बघा ना! नोव्हेंबर २००४ मध्ये डेट्रॉईटजवळ पिस्टन्स-पेसर्स मॅचमध्ये खेळाडू थेट प्रेक्षकांत घुसले, तुंबळ मारामारी झाली, लीगची अब्रू गेली. वर्षभराच्या आत हा नियम. आता गंमत अशी, की ती मारामारी झाली संघाच्या गणवेशात! मग साखळ्यांनी काय घोडं मारलं होतं? त्या मारामारीत असलेला पेसर्सचा स्टीफन जॅक्सन नियम जाहीर झाल्यावर मुद्दाम गळ्यात साखळ्या घालून आला. साखळ्यांवरची बंदी वंशभेदी आहे, असं त्याचं म्हणणं. मला तरी ते बरोबर वाटतं.

आयव्हरसनचं तर विचारूच नका. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला, २००१ चा एमव्हीपी. केसांच्या घट्ट वेण्या, अंगभर टॅटू. लीगच्याच 'हूप' मासिकानं २००० च्या सुमारास मुखपृष्ठावरच्या त्याच्या फोटोतले टॅटू चक्क पुसून टाकले होते. म्हणजे त्याच्या नावाची जर्सी विकायची, रीबॉकनं त्याचे बूट खपवायचे, त्याच्या खेळावर स्टेडियम भरायचं, पण हात मात्र कोरा हवा! कोपर दुखत होतं म्हणून त्यानं हातावर एक बाही चढवली, तर ती पुढे पोरांनी नुसती स्टाईल म्हणून घातली. फॅशन अशी येते राव, परिपत्रकातून नाही.

असो. आणि आजच्या त्या बोगद्यातल्या स्वातंत्र्याचंही फार कौतुक नको. मोठमोठ्या डिझायनरांचं लेबल लागलं की सगळं चालतं. २०१८ च्या फायनलच्या पहिल्या मॅचला लेब्रॉन जेम्स थॉम ब्राउनचा सूट घालून आला. वर कोट-टाय, खाली अर्धी चड्डी, हातात बॅग. फोटो जगभर फिरले. स्टर्नसाहेबांच्या यादीत शॉर्ट्स नकोत असं स्पष्ट लिहिलं होतं.