तरोटा तपासा, पण ग्रामसभेला विचारून

पहिल्या पावसात उगवणारा तरोटा आपण भाजी करून खातो, गजकर्णावर चोळतो. कॉलेजवाले आपल्याच म्हाताऱ्यांना विचारून तोच पाला पाचोऱ्याकडच्या रानातून नेतात. त्याचा अर्क काढून जंतू वाढवायच्या बशीत टाकतात. अर्काभोवती जंतू वाढले नाहीत तर रिकामं कडं दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. (नुसत्या कड्याने औषध होत नाही, ते वेगळं.)

तपासू द्या, आमची ना नाही. पण आधी ग्रामसभेला विचारावं, निकाल गावात येऊन सांगावा. जखमेवर हळद लावणं घराघरात माहीत, तरी १९९५ ला अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं. सरकारी संस्था भांडली तेव्हा १९९७ ला रद्द झालं. तरोट्यासाठी कोण भांडणार?

वनहक्क कायदा २००६, कलम ३ मध्ये जैवविविधता अन् पारंपरिक ज्ञानावर आपला सामूहिक हक्क लिहिलेला आहे. सामूहिक दाव्यात चराई, डिंक, मोहफुलासोबत हेही लिहा.