बंद कोठारातील अदृश्य वायू

महाडच्या बाजारपेठेतील व्यापारी घराची ठेवण बहुधा ठरलेली असते. तळमजल्यावर पेढी, तिच्या मागे कोठार आणि वर कुटुंबाची वस्ती. सावित्रीच्या पुराशी पिढ्यान् पिढ्या गाठ असल्याने काय खाली ठेवावे आणि काय वर न्यावे, याचाही हिशोब पक्का असतो. जुलै २०२१ च्या महापुराने तो पुन्हा तपासून घेतला. पुराची खूण भिंतीवर राहते, म्हणून माणूस सावध होतो. मात्र काही धोके खूण ठेवीत नाहीत. रेडॉन वायू हा त्यांपैकी एक.

माती व खडकांत अल्प प्रमाणात युरेनियम असते. त्याच्या क्षयातून रेडियम आणि रेडियमपासून हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीच्या भेगांतून व नळांभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो. उघड्या हवेत तो विरून जातो, बंद खोलीत साठत राहतो. त्याच्यापासून होणारे किरणोत्सारी कण धुळीला चिकटून श्वासावाटे फुप्फुसात जातात व तेथील पेशींना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. धूम्रपान कधीही न केलेल्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

हा धोका घरातही असू शकतो, हे जगाला एका योगायोगाने उमगले. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते एका अणुवीज प्रकल्पावर कामाला जात. तेथील किरणोत्सार तपासणारे यंत्र त्यांना पाहून इशारा देऊ लागले. प्रकल्प अजून सुरूही झालेला नव्हता. शोध घेता किरणोत्सार त्यांच्या राहत्या घरातून येत असल्याचे आढळले. आज तेथे ज्या पातळीला उपाय करण्यास सांगतात, तिच्या शेकडो पट रेडॉन त्या घरात होता.

महाड-पोलादपूरकरांनी यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. येथील काळ्या कातळात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी असते. तरीही खोलीतील प्रमाण केवळ खडकावर ठरत नाही. हवा किती खेळते यावरही ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचविली. आपल्या खोलीत ती किती, हे मोजल्यावाचून कळत नाही. त्यासाठीचे छोटे मापक काही महिने खोलीत ठेवावे लागते.

वरच्या मजल्यावर हा वायू सहसा कमी असतो. त्यामुळे प्रश्न उरतो तो खाली दिवसभर बसणाऱ्या शेठजींचा, मुनीमजींचा आणि कोठारात वावरणाऱ्या हमालाचा. कोकणातील पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून मागची खिडकी चार महिने उघडत नाही. आता वातानुकूलन यंत्रासाठी उरलेल्या फटीही बुजविल्या जातात. ते यंत्र बहुधा खोलीतीलच हवा गार करून पुन्हा फिरविते.

उपाय खर्चाचे नाहीत. सकाळी दुकान उघडताना मागचे दारही उघडावे, म्हणजे हवा आरपार जाईल. कोठाराला खिडकी नसेल तर हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा आणि ताजी हवा आत येण्यास वाट ठेवावी. फरशीच्या व नळांभोवतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात. धूम्रपान तर पेढीवर नसावेच. धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनपासून असलेला धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. खोकला आठवडेच्या आठवडे राहिला, तर ‘आमच्या घरात तंबाखू नाही’ या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवावे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळून पिणाऱ्या घराला अदृश्याचा विचार नवा नाही. तीच जयणा कोठारात दिवस काढणाऱ्या माणसांच्या श्वासाबाबतही पाळावी. यंदाचा पाऊस ओसरताच कोठाराची मागची खिडकी उघडते का, एवढे आधी पाहावे.