थ्री-डी व्ह्यूमध्ये पोर का नसतं?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपली आधीची पिढी म्हणायची. आमच्या पिढीने त्यात तिसरी गोष्ट जोडली आहे: इंटिरिअर पाहावं करून. फ्लॅटचं पझेशन मिळालं रे मिळालं, की वास्तुशांतीच्या गुरुजींच्या आधी डिझायनरला फोन जातो. मग तीन महिने घरात सुताराची करवत, सहा महिने डोक्यात कोटेशनं, आणि त्यानंतर पाच वर्षं "सोफ्यावर पाय नको", "भिंतीला हात नको", "काचेवर रेलू नको".

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, किंवा येत्या दोन-तीन वर्षांत यायचं असेल, तर इंटिरिअर करू नका. कमी करा असं म्हणत नाहीये, करूच नका. ओटा, नळ, वायरिंग, खिडक्यांना ग्रिल, बाल्कनीला जाळी, कपड्यांना एक-दोन कपाटं आणि झोपायला गाद्या. बास. बाकीचं सगळं पोर शाळेत रुळल्यावर.

गेल्या दोन वर्षांत आमच्या ग्रुपमधल्या निदान सात-आठ जणांनी मला आपापल्या घरांचे थ्री-डी व्ह्यू पाठवले ("सांग ना, कसं वाटतंय?"). मी ते मन लावून पाहिले. हॉलमध्ये एल शेपचा सोफा, त्यावर चार उशा. सेंटर टेबलवर एक इंग्रजी पुस्तक आणि एक कुंडी. टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांचं पॅनेल, वर पीओपीचं सीलिंग आणि त्यातून झिरपणारा पिवळा उजेड. एकाही चित्रात माणूस नव्हता. असला तर एक उंच, सडपातळ इसम खिडकीशी कॉफीचा मग घेऊन उभा. या सात-आठ घरांपैकी पाचांत लहान मूल आहे! पण व्ह्यूमध्ये तीनचाकी सायकल नाही, वाळत घातलेली दुपटी नाहीत, उलटी पडलेली बादली नाही, आणि दुपारी दोनला आडवी झालेली आजी तर नाहीच नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले ऑफिसात एंड युजर, एंड युजर करत गळा काढतो. जो सिस्टीम सर्वांत जास्त वापरणार त्याला विचारल्याशिवाय रिक्वायरमेंट फायनल करणाऱ्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. मग घरात सर्वांत जास्त तास कोण असतं? आपण सकाळी नऊला लॅपटॉप उघडतो तो संध्याकाळी सातला मिटतो, ऑफिसात असो की बेडरूममध्ये दार लावून. दिवसभर ते घर खरं वापरतात ते पोर, आजी-आजोबा नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी. तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ९५ सेंटिमीटर असते. त्याच्या हाताला बेसिनचा नळ लागत नाही, दिव्याचं बटण लागत नाही, त्याचा टॉवेल त्याच्या डोक्याच्याही वर टांगलेला असतो. त्याला प्रत्येक गोष्टीसाठी "आई दे" म्हणावं लागतं, आणि मग आपणच तक्रार करतो की हा सारखा मागे मागे असतो.

जागेचा हिशोब करू. साधारण टू बीएचकेचा हॉल धरा १० फूट बाय १६ फूट, म्हणजे १६० चौरस फूट. एल सोफा ३६, टीव्ही युनिट ९, सेंटर टेबल ८, खुर्च्यांसकट डायनिंग टेबल ३०, चपलांचं आणि क्रॉकरीचं कपाट मिळून ६. झाले ८९. उरलेल्या ७१ फुटांत जायची-यायची वाट. म्हणजे पोराला पळायला उरला तो सोफ्याच्या मागचा बोळ. फ्लॅट चौरस फुटाला ८ हजारांनी घेतला असेल, तर त्या ८९ फुटांचे झाले ७ लाख १२ हजार. एवढ्या पैशांची जमीन घेऊन आपण त्यावर फर्निचर राहायला ठेवलंय, आणि मग खेळायला जागा नाही म्हणून शनिवारी मॉलच्या प्ले एरियात ताशी भाडं भरतोय.

आता भिंतींबद्दल बोलते, कारण माझं डोकं खरं तिथे फिरतं.

या सात-आठ घरांपैकी तीन घरांत वारली चित्र आहे. एका घरी फ्रेममध्ये, एका घरी वॉलपेपर, आणि तिसऱ्यांनी तर कलाकार बोलावून अख्खी भिंत रंगवून घेतली आहे. सुंदरच आहे, प्रश्नच नाही. पण या वारली चित्राचं मूळ काय? डहाणू-तलासरीकडच्या घरांत कुडाची भिंत शेणाने सारवून, वर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने घरातल्या आणि पाड्यातल्या बायका लग्नात चौक लिहायच्या. भिंत हीच त्यांची वही. चित्र जुनं झालं की पुन्हा सारवण आणि पुन्हा नवं चित्र. ते जपून ठेवायचं, त्याला फ्रेम करायचं, हे कुणाच्या मनातही नव्हतं. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नाच्या चौकाबाहेर नेली, कागदा-कापडावर आणली, जगभर पोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. तर ज्या कलेचा जीवच मुळी 'घरातल्या माणसाने घरच्या भिंतीवर लिहायचं' यात आहे, तिची छापील प्रत आपण भिंतीवर लावतो, आणि तिच्या खाली अडीच फुटांवर आपल्याच पोराने क्रेयॉनने एक गोल आणि चार काड्या काढल्या की त्याच्या हातावर चापटी मारतो. त्याने काढलेला तो गोल आणि चार काड्या नीट पाहिल्यात का कधी? माणूसच असतो तो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "कागद दिलाय ना त्याला, कागदावर काढ म्हणावं." अहो, दोन वर्षांच्या मुलाचा हात खांद्यातून फिरतो. ए-फोर कागदात त्याचा अर्धा गोलही मावत नाही. बोटांनी बारीक काम त्याला अजून जमायचं असतं. त्याला उभं राहून, हात पूर्ण फिरवून रेघ ओढायची असते आणि त्यासाठी घरात एकच जागा असते. ती आपण रॉयल, लक्झरी, सिल्क असल्या कुठल्यातरी नावाचा महागडा रंग देऊन त्याच्यासाठी बंद केलेली असते.

याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडकांनी काम केलं. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये सगळं काम कोसबाडला आलं. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी पानं, शंख-शिंपले, खडे, बिया घेतल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपल्याला आता सरकारी वाटतो (१९७५ च्या केंद्राच्या योजनेत तोच आला), पण त्यातला विचार साधा आहे: मुलाला जागेप्रमाणे वाकवायचं नाही, जागा मुलाप्रमाणे करायची. खुद्द माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं, तेव्हा त्यातलंही मुख्य तेच होतं. मुलाला स्वतः उचलता येईल एवढी हलकी खुर्ची आणि हात पोचेल एवढं बुटकं कपाट. आज त्याच बाईंच्या नावाने जमिनीलगतचा पलंग हजारो रुपयांना विकला जातो. जमिनीलगतच्या पलंगाला आपल्याकडे गादी म्हणतात हो!

पैशांचं बोलायलाच हवं, कारण ते कोणी बोलत नाही. होम लोन चालू असतंच. त्यावर इंटिरिअरसाठी १० लाखांचं पर्सनल लोन, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांचं घेतलं तर महिना २२,२४४ रुपये हप्ता. एकूण फेड १३ लाख ३४ हजारांच्या वर. म्हणजे नुसतं व्याजच सव्वातीन लाखांपेक्षा जास्त. पण त्या व्याजापेक्षा ही पाच वर्षं कुठली आहेत ते बघा. बरोबर तीच, ज्यात मूल जन्मापासून पाच वर्षांचं होतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यानंतर एखादीला वाटलं की अजून सहा महिने बिनपगारी थांबू, किंवा बाबाला वाटलं की कमी पगाराची पण सहाला घरी सोडणारी नोकरी धरू, तर ते ठरतं कशावर? महिन्याच्या हप्त्यांवर. माझ्या एका मैत्रिणीचं बाळ सात महिन्यांचं असताना ती परत रुजू झाली. रजा वाढवून मिळत होती, मॅनेजर हो म्हणाला होता. तिने परवडत नाही म्हणून घेतली नाही. तिच्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर आवाज न करता आपोआप मिटतात.

आता कोणी म्हणेल, हे फार झालं. चला, थोडं तब्येतीचं बोलू. नव्या फर्निचरचा तो 'नवा वास' बऱ्याच जणांना आवडतो. स्वस्त प्लायवूड आणि एमडीएफमधल्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा त्यात मोठा हात असतो, आणि ते माणसाला कॅन्सर करणारं आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. बाळंतपणाच्या तारखेआधी 'काम उरकून घेऊ' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण नेमक्या त्याच बंद एसीच्या खोलीत बाळ अठरा तास झोपणार असतं. दुसरं शिशाचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे, विशेषतः दारं-खिडक्यांचे ऑइलपेंट, त्या मापाचे असतीलच असं नाही. जुना फ्लॅट घेऊन रंगारी कोरड्या पॉलिशपेपरने दार घासायला लागला की ती धूळ जमिनीवर बसते, आणि जमिनीवर रांगतं कोण ते सांगायला नको. घासायचंच तर पाणी मारून घासायला सांगा, आणि तेवढे दिवस पोराला घेऊन माहेरी जा. तिसरं, भिंतीला न ठोकलेली उंच कपाटं. २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण ती मुलांच्या अंगावर पडून जीव गेले होते. मूल ड्रॉवरची शिडी करतं. त्यात त्याचा काही गुन्हा नाही.

"मग काय घर कळकट ठेवायचं? शिस्त नको लावायला?" हा आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा प्रश्न. काकू, शिस्त हवी. चपला जागेवर, खेळणी टोपलीत, जेवताना ताटात पाणी ओतायचं नाही. पण दिवसाला किती वेळा 'नको' म्हणायचं याचाही काही कोटा असतो. तो कोटा गॅस, प्लग आणि बाल्कनीवर खर्च करायचा की सनमायक्यावरच्या बोटांच्या ठशांवर? आणि हे 'नको' म्हणतं कोण? घर दाखवायला पाहुण्यांना फिरवतो तो नवरा. त्याच घराची दिवसभर राखण करते ती बायको, सासू नाहीतर मावशी. पांढऱ्या ग्लॉसी शटरवरचे डाग दिवसातून तीनदा कोण पुसतं हे कुठल्याच थ्री-डी व्ह्यूमध्ये दिसत नाही.

राहिले पाहुणे. ते वर्षातून किती वेळा येतात? आणि जे येतात त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या कडेवर पोर असतंच. त्यांना आमच्याकडे जास्त बरं वाटतं असा माझा (अर्थात पक्षपाती) अनुभव आहे. सतरंजीवर बसतात, चहा सांडला तर कोणाचा जीव खालीवर होत नाही, आणि त्यांचं पोर आमच्या पोरात मिसळून दहा मिनिटांत दिसेनासं होतं.

आमच्याकडे काय आहे ते विचारणारच तुम्ही, म्हणून सांगते. हॉलमध्ये सतरंजी, दोन गाद्या, चार लोड आणि आजीसाठी हाताची एक खुर्ची, कारण तिचे गुडघे. टीव्ही भिंतीला. बेसिनखाली एक दणकट लाकडी पाट. मुलाच्या उंचीला तीन खुंट्या: टॉवेल, दप्तर, टोपी. हॉलच्या तीन भिंतींना जमिनीपासून चार फुटांपर्यंत साधं डिस्टेंपर, त्याच रंगाचा एक डबा माळ्यावर शिल्लक. दर दिवाळीला एक रविवार, एक ब्रश, आणि भिंत पुन्हा कोरी. चौथ्या भिंतीला हात लावायचा नाही हे चिरंजीवांना एकदाच सांगावं लागलं, कारण उरलेल्या तीन त्यांच्याच आहेत. यंदा त्यांनी सोफ्याच्या जागी, म्हणजे जिथे सोफा असायला हवा होता तिथे, एक रेल्वे काढली आहे. बावीस डबे झालेत. दाराची चौकट मध्ये आली म्हणून गाडी सध्या तिथे थांबली आहे.