ब्रेक पाहावा, मग सायकल काढावी

करमाळ्यात पहाटे देवीच्या माळाकडे निघालेल्या मंडळींत सायकलवरचे एखादे पांढरे केस हमखास दिसतात. कमलाभवानीचे दर्शन, ९६ पायऱ्यांच्या विहिरीपाशी घटकाभर विसावा आणि उन्हे चढण्याआधी घरी, असा माझ्या वडिलांचाही वर्षानुवर्षांचा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका ओल्या सकाळी समोर म्हैस आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला, सायकल थांबली नाही. हात टेकून पडले आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघेपर्यंत घरात एकच ठराव झाला होता, सायकल विकायची. वडील काही बोलले नाहीत. माळावर जाणे मात्र थांबले, आणि त्यासोबत त्यांची भूक आणि झोपही मंदावली.

पुढे सायकल तपासली तेव्हा ब्रेकचे रबर लाकडासारखे कडक झालेले आढळले. जुन्या काळ्या सायकलीची रिंग चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडाची असते. ती कोरडी असताना कसाबसा लागणारा ब्रेक पाण्यात निम्माही लागत नाही. दोष त्यांच्या वयाचा होता त्याहून अधिक त्या रबराचा होता. हे आधी पाहिले असते तर, असा विचार आजही मनात येतो. म्हणून हा प्रपंच.

आधी परीक्षा. सायकलच्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक घट्ट दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून तसेच करावे. चाक घासटले तर हरकत नाही, फिरू नये. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तरी आपल्या सायकलीचे एकदा पाहून ठेवावे. त्यानंतर लीव्हर पूर्ण दाबून पाहावे. लीव्हर आणि मूठ यांच्यात दोन बोटांची जागा उरली पाहिजे. संधिवाताने आखडलेली बोटे जितकी मिटतात तितक्यातच ब्रेक लागला पाहिजे, ही ज्येष्ठांच्या बाबतीतली खरी कसोटी होय. तरुण मुलगा दाबून ‘ठीक आहे’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये. जो चालवणार त्यानेच दाबून पाहावे.

काळ्या सायकलीचा ब्रेक सळ्यांचा असतो. लीव्हर दाबले की सळी वर ओढली जाते आणि रबर रिंगेच्या आतल्या अंगाला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला, टेकते. ब्रेक सैल झाला असेल तर सळ्यांच्या जोडावरचा नट पान्याने किंचित सैल करून सळी थोडी वर ओढावी आणि नट पुन्हा कसावा. जोडांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. रिंगेला आणि रबराला मात्र तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तेल लागलेच तर रिंग साबणाच्या पाण्याने धुवावी आणि रबरावर सँडपेपर फिरवावा. तरीही ब्रेक घसरत असेल तर रबर बदलावे; ते फार महाग नसते.

नातवाची रेसर सायकल, म्हणजे बारीक टायरची, तिच्यात तारेचा ब्रेक असतो आणि रबरे दोन्ही बाजूंनी रिंगेला चिमटा घेतात. रबर आणि रिंग यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर असावे. तार जेथे ब्रेकला किंवा लीव्हरला मिळते तेथे खाचांचा एक लहान पोकळ स्क्रू असतो. तो बाहेर येईल अशा बेताने अर्धा अर्धा फेरा फिरवला की ब्रेक घट्ट होतो. स्क्रू संपत आला तर तो पुन्हा आत बसवावा. मग एकाने दोन्ही रबरे रिंगेवर हाताने दाबून धरावीत, दुसऱ्याने तारेचा नट सैल करून पकडीने तार ओढावी आणि नट कसावा. आजोबा आणि नातू मिळून करण्यासारखे हे काम आहे. कसून झाल्यावर लीव्हर आठ-दहा वेळा जोराने दाबावे. तार सरकली तर नट पुरता बसलेला नाही. तारेचे धागे तुटलेले दिसले तर तार बदलण्यावाचून उपाय नाही.

आणखी दोन चुका सर्रास दिसतात. रेसरच्या ब्रेकवर चाक काढण्यासाठी एक छोटी कळ असते. पंक्चर काढल्यावर ती उघडीच राहते आणि ब्रेक ढिला लागतो. दुसरी चूक अधिक घातक आहे. काही ब्रेकांचे रबर धातूच्या खोबणीत सरकवलेले असते आणि त्या खोबणीचे एक टोक बंद असते. ते बंद टोक सायकलच्या पुढच्या दिशेलाच हवे. उलट बसवले तर नेमक्या गरजेच्या क्षणी रबर निसटून पडते. रबर टायरला घासत नाही ना, हेही पाहावे. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचे पुढचे टोक रिंगेला आधी टेकेल असे जरासे तिरके करावे.

रिंग वेडीवाकडी फिरत असेल, म्हणजे चाकाला आउट असेल, तर घरी खटपट करू नये. ते दुकानातल्या हाताचेच काम आहे.

काळजीवाहकांना एक विनंती. सायकल बंद करण्याआधी ब्रेक पाहा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, चक्कर येत असेल किंवा नवे रबर बसवूनही बोटांना लीव्हर पेलत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. ब्रेक लावताना दोन्ही लीव्हर एकदम आणि हळूहळू दाबण्याची सवय ठेवावी. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस मुठीवरून पुढे फेकला जातो.

वडील पुन्हा माळावर जाऊ लागले आहेत. निघताना अंगणात दोन्ही ब्रेक दाबून सायकल एकदा पुढे ढकलतात. पाऊस असेल तर सायकल काढत नाहीत, छत्री घेऊन पायी निघतात.